रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून

अगं, रिपोर्ट नॉर्मल आला म्हटल्यावर तू हिरमुसलीस, ते दिसलं मला. काही निघालं असतं तर घरच्यांपुढे कागद तरी टाकता आला असता, हो ना? बघा, मी नाटकं करत नाहीये!

पण त्या तपासण्या नैराश्य मोजायला नव्हत्याच गं. थायरॉइड मंदावलं, रक्त कमी झालं, बी-१२ घटलं, तरी माणूस असाच गळून जातो, कशात मन लागत नाही. तसलं काही नाही ना, एवढंच डॉक्टरांना बघायचं होतं. आणि ते बघायलाच हवं.

रक्तावरून नैराश्य ओळखायची खटपट जुनी आहे. १९८१ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड कॅरॉल आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी पुढे आणली. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, दबलंय का ते पाहायचं; दबलं नाही, तर नैराश्य समजायचं. केवढा गाजावाजा झाला तिचा! पुढे लक्षात आलं, की वजन झपाट्याने उतरलेल्यांचं किंवा दारू सोडणाऱ्यांचं कॉर्टिसॉलही दबत नाही. मग ती मागे पडली. आता सीआरपीवर, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनावर, अभ्यास चालतो. नैराश्यात काहींचं वाढलेलं असतं खरं, पण ते साध्या संसर्गानेही वाढतं आणि लठ्ठपणातही. इंडियाना विद्यापीठात रक्तातल्या आरएनएवरही काम झालंय. होऊ दे, चांगलंच आहे. पण आज कुणी 'मूड'च्या रक्ततपासणीचं पॅकेज विकायला आलं, तर पैसे घालवू नकोस.

तीव्रता ठरते ती तुझ्या सांगण्यावरून. पीएचक्यू-९ नावाची प्रश्नावली आहे. गेल्या दोन आठवड्यांतली झोप, भूक, थकवा, उदासी असे नऊ प्रश्न. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, म्हणजे जास्तीत जास्त २७. दहापासून मध्यम, विसापासून तीव्र. डॉक्टर त्यावर तुझ्याशी बोलतील आणि उपचार सुरू झाल्यावर तीच पुन्हा भरायला लावतील. आकडा उतरतोय का, ते त्यातून कळतं.

फक्त 'बरं चाललंय' असं भरू नकोस. आईसमोर तर मुळीच भरू नकोस, तिला बरं वाटावं म्हणून तू सगळीकडे शून्य टाकशील. आणि नववा प्रश्न जीव नकोसा होण्याचा आहे. तिथे खरं तेच लिही. तसं मनात आलं तर कितीही वाजले असोत, मला उठव. मी नाहीच उचलला, तर १४४१६ लाव. टेली-मानस आहे, मोफत, मराठीतही बोलतात.

गुरुवारी डॉक्टरांकडे मी येतेय तुझ्याबरोबर. आत येऊ का बाहेर बसू, ते तू ठरव.