चेतापेशी आणि ग्राफीनचा लेप

पार्किन्सनचा विकार जडलेल्या माणसाचे हात सतत कापत असतात. पाण्याचा पेला ओठांपर्यंत नेणे हीसुद्धा त्याला कसरत वाटते. अशा काही रुग्णांच्या मेंदूत खोलवर एक बारीक तार बसवतात आणि तिच्यातून विजेचे अगदी लहान स्पंद सोडतात. त्यामुळे कंप पुष्कळ कमी होतो. फ्रान्समधील ग्रेनोबल येथे बेनाबिद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या उपचाराची वाट मोकळी केली. या तारेच्या टोकाशी नेमके काय घडते, हा भौतिकीचा एक सुंदर प्रश्न आहे.

दोन प्रकारचे प्रवाह

धातूच्या तारेत इलेक्ट्रॉन वाहतात हे तुम्हांला माहीत आहे. शरीरात मात्र मोकळे इलेक्ट्रॉन नसतात. तेथे सोडियम, पोटॅशियम, क्लोराइड यांचे आयन विद्युतभार वाहून नेतात. चेतापेशीभोवतीचे पटल सुमारे ५ नॅनोमीटर जाडीचे असते आणि त्याच्या दोन बाजूंमध्ये सुमारे ७० मिलिव्होल्ट विभवांतर असते. विभवांतराला जाडीने भागून पाहा. विद्युतक्षेत्र दर मीटरला १ कोटी ४० लक्ष व्होल्ट एवढे प्रचंड येते! हे विभवांतर काही मिलिव्होल्टनी कमी झाले, की पटलातील सूक्ष्म दारे उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात आणि संदेश पुढे धावू लागतो. बाहेरून दिलेला स्पंद एवढेच काम करतो. तो दारे उघडतो. पुढचे सारे पेशीच करते.

तारेच्या टोकाशी

इलेक्ट्रॉन तारेच्या टोकापाशी थांबतात. त्यांच्या समोर, द्रवाच्या बाजूला, विरुद्ध भाराचे आयन गोळा होतात. भारांचे असे दोन थर समोरासमोर उभे राहिले म्हणजे धारित्रच झाले. गुळगुळीत धातूसाठी या धारित्राची धारिता दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० मायक्रोफॅरड धरू.

आता उपचारातील अग्राचे गणित करू. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ६ चौरस मिलिमीटर, म्हणजे ०.०६ चौरस सेंटिमीटर असते. म्हणून धारिता १.२ मायक्रोफॅरड. समजा, ३ मिलिअँपिअरचा प्रवाह ६० मायक्रोसेकंद सोडला. विद्युतभार ०.१८ मायक्रोकुलोम झाला. भाराला धारितेने भागले, की विभवांतर ०.१५ व्होल्ट मिळते. लगेच उलट दिशेचा स्पंद देऊन हा भार परत काढून घेतात.

विभवांतर फार वाढले तर काय होईल? पाण्याचे विद्युत अपघटन होण्यास किमान १.२३ व्होल्ट लागतात. ती मर्यादा ओलांडली, की वायूचे बुडबुडे निघू लागतात, आसपासचा द्रव आम्ल किंवा अल्कधर्मी होतो आणि नाजूक ऊतींना इजा पोचते. म्हणून अग्राला या मर्यादेच्या बरेच आत ठेवावे लागते.

लहान अग्राची अडचण

मग आजचे अग्र पुरे की! पण तसे नाही. मोठ्या अग्राचा प्रवाह हव्या त्या पेशींबरोबर शेजारच्या पेशींनाही चेतवतो. हाताचा कंप थांबतो, पण काही रुग्णांचे बोलणे अडखळू लागते. मोजक्याच पेशींना चेतवायचे तर अग्र लहान हवे.

समजा, २५ मायक्रोमीटर व्यासाची चकती घेतली. तिचे क्षेत्रफळ आधीच्या अग्राच्या सुमारे १२,००० पट कमी भरते आणि धारिता फक्त ०.०००१ मायक्रोफॅरड उरते. अग्र पेशींच्या निकट असल्याने प्रवाहही कमी पुरतो. १० मायक्रोअँपिअर, १०० मायक्रोसेकंद असा स्पंद धरू. भार ०.००१ मायक्रोकुलोम, विभवांतर चक्क १० व्होल्ट! म्हणजे अग्राचा आकार लहान ठेवून त्याची धारिता वाढवायला हवी.

येथे ग्राफीन कामी येते

पेन्सिलीतील ग्राफाइट म्हणजे कार्बन अणूंच्या थरांची चवड. १ मिलिमीटर जाडीत असे सुमारे ३० लक्ष थर असतात. त्यांतील एक सुटा थर म्हणजे ग्राफीन. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी मँचेस्टर येथे २००४ मध्ये चिकटपट्टीने तो वेगळा केला. २०१० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ग्राफीन विजेचे उत्तम वाहक, लवचीक आणि रासायनिक दृष्ट्या स्थिर आहे.

परंतु एकच सपाट थर चढवून भागत नाही. त्याने पृष्ठफळ वाढत नाही. म्हणून ग्राफीन ऑक्साइडच्या पापुद्र्यांचा सच्छिद्र लेप देतात आणि त्यातील बराचसा ऑक्सिजन काढून टाकून तो वाहक बनवतात. द्रव पापुद्र्यांच्या फटींत शिरतो. चकती तेवढीच राहते, पण आयनांना भिडणारे पृष्ठफळ कितीतरी वाढते. ते १०० पट झाले असे धरा. धारिता १०० पट होईल आणि १० व्होल्टऐवजी ०.१ व्होल्ट पुरेल! बार्सिलोना येथील शास्त्रज्ञांनी अशा लेपाची सूक्ष्म अग्रे तयार करून प्राण्यांवर तपासली. ते संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी मँचेस्टरजवळच्या सॅलफर्ड येथील रुग्णालयात, मेंदूतील गाठ काढताना, ग्राफीनची अग्रे प्रथमच माणसाच्या मेंदूवर ठेवण्यात आली.

तरीही एक कसोटी उरतेच. रोग्याला तार वर्षानुवर्षे बाळगायची असते. एवढा काळ लेप सुटणार नाही, त्याचे कण ऊतींना त्रास देणार नाहीत, याची खात्री पटल्याशिवाय तो सर्रास वापरता येणार नाही.

करून पाहा

पेन्सिलीची दोन शिसे, पाणी आणि चिमूटभर धुण्याचा सोडा घ्या. शिसांना प्रथम दीड व्होल्टचा एक घट जोडा, मग असे चार घट एकसर जोडा. बुडबुड्यांतील फरक नोंदवा. (मीठ वापरू नका; त्यातून क्लोरीन हा विषारी वायू निघतो.)

स्वाध्याय : वरील चकतीचा व्यास ५० मायक्रोमीटर केला, तर त्याच स्पंदासाठी लेपाशिवाय आणि लेपासह विभवांतर किती येईल?

(उत्तर : २.५ व्होल्ट, ०.०२५ व्होल्ट.)