घर कागदावरचे आणि जागेवरचे

कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावी एका शाळेतील लिपिकाने घरासाठी जागा विकत घेतली. जागा चाळीस फूट रुंद व साठ फूट लांब होती. पश्चिमेस रस्ता होता आणि नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात एक जुना कडुनिंब उभा होता. वीस वर्षांच्या नोकरीत शिल्लक टाकलेला पैसा या घरात पडणार होता. घरात आजी, आईबाबा, थोरली मुलगी व धाकटा मुलगा अशी पाच माणसे होती. आजवर ती भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. त्यामुळे अभियंत्याकडून घराचा नकाशा आला, त्या दिवशी सर्वांना सणाचा दिवस उगवल्यासारखे वाटले.

बाबांनी तो कागद जमिनीवर पसरला. कडेला लिहिले होते, ‘एक इंच म्हणजे आठ फूट.’ याला नकाशाचे प्रमाण म्हणतात. ताईने पट्टी घेतली आणि ती मापे काढू लागली. घराचे क्षेत्रफळ ९६० चौरस फूट भरले. पुढे ओसरी, वायव्येस अठरा फूट लांब व चौदा फूट रुंद असा मोठा दिवाणखाना, नैर्ऋत्येस स्वयंपाकघर, मागील बाजूस निजण्याच्या खोल्या व आग्नेयेस न्हाणीघर अशी रचना होती. या सर्वांना जोडणारा बावीस फूट लांब व साडेतीन फूट रुंद असा एक बोळ होता. आजीची खोली ईशान्येच्या कोपऱ्यात होती.

“दिवाणखाना कसा ऐसपैस आहे!” बाबा म्हणाले. “चार माणसे आली, तरी आता ओशाळे व्हायला नको.”

आई काही बोलली नाही. पण तिची नजर स्वयंपाकघरावर खिळली होती. आजी भिंतीला टेकून बसली होती. मागील पावसाळ्यात न्हाणीघरात पाय घसरल्यापासून ती काठी घेऊन चालत असे. तिला नकाशा कोणी दाखविला नाही आणि तिनेही तो मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी अभियंता घरी आला. नकाशा सर्वांना पसंत आहे असे बाबांनी सांगताच त्याने विचारले, “सर्वांना म्हणजे कोणाकोणाला?” या प्रश्नाला बाबांना चटकन उत्तर देता आले नाही. तेव्हा अभियंता म्हणाला, “नकाशावर सही करण्यापूर्वी आपण एक दिवस या घरात राहून पाहू. कागदावरची भिंत रबराने पुसता येते. जागेवरची भिंत पाडायला पहार लागते.”

रविवारी सकाळी सारे कुटुंब जागेवर गेले. गवंड्याने खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली आणि नकाशाप्रमाणे जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा ओढल्या. दारांच्या जागी रेघा मोकळ्या सोडल्या. पाहता पाहता भुईवर एक घर उमटले. त्याला भिंती नव्हत्या, पण खोल्या होत्या. मुलांनी जुन्या घरातील खाट हातगाडीवरून आणून आजीच्या खोलीत ठेवली.

“आजी,” अभियंता म्हणाला, “रात्रीचे दोन वाजले आहेत असे समजा. तुम्हाला न्हाणीघरात जायचे आहे. जाऊन दाखवा बरे.”

आजी हसली. “मला विचारून काय करणार, बाबा? आम्ही मिळेल त्या कोपऱ्यात दिवस काढले,” असे म्हणत ती काठी टेकीत उठली. फक्कीच्या रेघांमधून, त्या लांबलचक बोळातून ती हळूहळू निघाली. धाकटा मुलगा मागून पावले मोजीत होता. न्हाणीघराच्या दाराशी पोहोचेपर्यंत एकवीस पावले झाली होती. मध्ये ती दोनदा थांबली.

ताईने नकाशावर तेच अंतर मोजले. ते साडेतीन इंच होते. म्हणजे जागेवर अठ्ठावीस फूट. कागदावर बोटभर दिसलेले अंतर आजीच्या पायांना केवढे होते, हे त्या क्षणी सर्वांना कळले. बाबा खाली मान घालून उभे राहिले.

मग आईने धीर केला. ती स्वयंपाकघराच्या रेघांत जाऊन उभी राहिली. ऊन कलेपर्यंत मंडळी तिथेच थांबली. चार वाजता पश्चिमेचे तिरपे ऊन तिच्या तोंडावर येऊ लागले. “संध्याकाळचा स्वयंपाक मला या उन्हात करावा लागेल,” ती म्हणाली, “आणि पावसाळ्यात झड याच बाजूने येते.” तिचे म्हणणे खरे होते. दुपारनंतर पश्चिमेची भिंत तापते आणि तिची धग सूर्य मावळल्यावरही काही वेळ आतल्या खोलीला जाणवते. पावसाळ्यातील वारेही आपल्याकडे मुख्यत्वे पश्चिम व नैर्ऋत्य दिशांकडून येतात. पूर्वेकडील खोलीला मात्र सकाळचे कोवळे ऊन मिळते आणि दुपारी ती सावलीत असते.

अडचण आणखी एक होती. ओसरीचा नैर्ऋत्येकडील कोपरा नेमका कडुनिंबावर येत होता. गवंड्याने झाड तोडण्याची तयारी दाखविली, तेव्हा अभियंत्याने लॉरी बेकर या वास्तुविशारदाची गोष्ट सांगितली. बेकर यांचा जन्म १९१७ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे झाला. पुढे ते भारतात आले, येथेच राहिले आणि केरळात त्यांनी साध्या, स्वस्त व सुंदर घरांचे बांधकाम केले. घरासाठी लागणारे सामान शक्यतो जवळपासच्या पाच मैलांतून मिळवावे, हा महात्मा गांधींचा विचार त्यांच्या मनावर ठसला होता. जागेवरचे झाड तोडण्याऐवजी ते घराची भिंत वळवीत. भारत सरकारने १९९० साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. २००७ साली त्यांचे निधन झाले.

“झाडाला सरकता येत नाही,” ताई म्हणाली, “पण आपले घर तर अजून फक्कीचेच आहे!”

त्या रात्री ताईने पुठ्ठ्याचे तुकडे कापले. खाट, कपाट, ओटा, टेबल या सर्वांची मापे तिने एका इंचास आठ फूट याच प्रमाणात घेतली. ते तुकडे नकाशावर मांडताच काही चुका आपोआप दिसल्या. एका खोलीत दार उघडले की ते खाटेवर आदळत होते. दुसऱ्या खोलीला एकच खिडकी होती. वारा आत येण्यास जशी वाट लागते, तशी बाहेर जाण्यासही लागते. समोरासमोर वाटा नसल्या, तर खोलीतील हवा कोंडते. आणि तो बोळ! बावीस गुणिले साडेतीन, म्हणजे ७७ चौरस फूट जागा केवळ येण्याजाण्यात खर्च होत होती. तिथे कोणी बसणार नव्हते, निजणार नव्हते की अभ्यास करणार नव्हते. घराचा सुमारे बारावा भाग असा वाया जात होता.

“आमच्या माहेरच्या वाड्यात बोळ नव्हता,” आजी एकदम म्हणाली. “मध्ये चौक होता. सगळ्या खोल्या त्याच्याभोवती. चौकातून उजेड यायचा, वारा यायचा आणि कोण आले, कोण गेले ते सर्वांना कळायचे.”

आजीच्या या बोलण्याने कोडे सुटले. उघडा चौक लहान घरात मावणार नव्हता. पण घराच्या मध्यभागी माजघर ठेवता येणार होते. मात्र त्यासाठी जागा हवी होती आणि घराचे क्षेत्रफळ वाढविणे बाबांना परवडणारे नव्हते. सर्वांच्या नजरा दिवाणखान्याकडे वळल्या.

बाबा बराच वेळ नकाशाकडे पाहत राहिले. मोठा दिवाणखाना हे त्यांचे कित्येक वर्षांचे स्वप्न होते. अखेर त्यांनी स्वतःच पेन्सिल उचलली आणि दिवाणखान्याची लांबी अठरा फुटांवरून बारा फुटांवर आणली. “पाहुणे वर्षातून चार वेळा येतात,” ते म्हणाले, “आईला रोज रात्री उठावे लागते.”

हिशोब सोपा होता. दिवाणखान्यातून ८४ चौरस फूट मिळाले आणि बोळाचे ७७. मिळून १६१ चौरस फूट. त्यांतून चौदा फूट लांब व साडेअकरा फूट रुंद असे माजघर उभे राहिले. दिवाणखाना व माजघर यांच्यामध्ये घडीची दारे योजली, म्हणजे पाहुणे आले की दोन्ही जागा एक करता येतील. पुढचे व मागचे दार समोरासमोर आल्यामुळे वाऱ्यालाही सरळ वाट मिळाली.

उरलेल्या खोल्यांची केवळ अदलाबदल करावी लागली. स्वयंपाकघर आग्नेयेस गेले. आजीची खोली नैर्ऋत्येस, ओसरीलगत आली. या दोहोंच्या मध्ये न्हाणीघर आले. त्यामुळे स्वयंपाकघराचे व न्हाणीघराचे नळ एकाच भिंतीत बसले आणि नळांचा खर्चही वाचला. घर थोडे पूर्वेस सरकविले व ओसरीचा कोपरा आत घेतला, तेव्हा कडुनिंब जागच्या जागी राहिला. त्याच्या मुळांचा विचार करून त्या बाजूचा पाया अधिक खोल घेण्याचे ठरले. तापणाऱ्या पश्चिमेच्या भिंतीवर आता त्याचीच सावली पडणार होती. न्हाणीघराचे दार तीन फूट रुंद केले, भिंतीला धरण्यासाठी दांडी योजली आणि फरशी खडबडीत घेण्याचे ठरले. दीड फूट उंचीच्या जोत्याला पायऱ्यांबरोबर अठरा फुटांचा सौम्य उतारही दाखविला.

पुढच्या रविवारी जुन्या रेघा पुसून नव्या ओढल्या. खाट नव्या जागी ठेवली. आजी उठली आणि चालू लागली. या वेळी पावले मोजण्यास सारे घर तिच्याबरोबर होते. सहाव्या पावलाला ती न्हाणीघराच्या दाराशी पोहोचली.

घराचे क्षेत्रफळ तेच होते. ९६० चौरस फुटांत एका फुटाचीही भर पडली नव्हती. बाबांनी नकाशावर सही केली आणि तो नगरपालिकेकडे परवानगीसाठी पाठविण्याकरिता गुंडाळला. आजी मात्र अजून आपल्या खोलीच्या रेघांत, खाटेवर बसून होती. तिने नातवाला जवळ बोलावले आणि काठीने पांढऱ्या रेघेवर एक जागा दाखविली.

“इथे खिडकी आहे ना रे?” तिने विचारले. “जरा खालून ठेवायला सांग. बसल्या जागेवरून मला निंब दिसला पाहिजे.”

अभियंत्याने गुंडाळलेला नकाशा पुन्हा उलगडला.

स्वाध्याय

१. ‘कागदावरची भिंत रबराने पुसता येते, जागेवरची भिंत पाडायला पहार लागते’ या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

२. पहिल्या नकाशातील स्वयंपाकघराची जागा आईला गैरसोयीची का वाटली?

३. माजघरासाठी लागणारी जागा कोठून मिळाली? हिशोब मांडून दाखवा.

४. बाबांनी दिवाणखाना लहान का केला? त्यावरून त्यांच्या स्वभावाविषयी काय समजते?

५. तुमच्या राहत्या घराचा ‘एक इंच म्हणजे आठ फूट’ या प्रमाणात नकाशा काढा. घरातील सर्वांत वयस्कर व्यक्तीला त्यात कोणता बदल हवा आहे, ते विचारून लिहा.