बटाटा सडविणाऱ्या जंतूंची पारख

बटाट्याचा ढीग सडूं लागला म्हणजे 'पाणी लागलें' असें म्हणून आपण निवड करून मोकळे होतों. परंतु सडविणारा जंतु कोणता, यावर पुढील हंगामाचें बेणें व शेत दोन्ही अवलंबून असतात. म्हणून त्याची पारख कशी करितात हें येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मऊ सडीचा जंतु पेशींस जोडून ठेवणारें पेक्टिन विरघळवितो. त्यामुळें गराची लापशी होते. व्हर्मांट येथील एल. आर. जोन्स यांनीं १९०१ सालीं गाजरावरून त्याचें वर्णन केलें. पुढें त्यास अर्विनिया म्हणत, आतां पेक्टोबॅक्टेरियम म्हणतात. नांवांची ही उलथापालथ पाहून शेतकऱ्यास हंसूं येईल, पण तिच्या मुळाशीं कसोट्या आहेत.

पेक्टेटच्या थरावर जंतु वाढविला असतां, तो सडविणारा असल्यास वसाहतीखालीं खळगा पडतो. ऑक्सिडेज कसोटींत स्यूडोमोनास मार्जिनालिस हा जंतु कांहीं सेकंदांत जांभळा रंग दाखवितो, पेक्टोबॅक्टेरियम दाखवीत नाहीं. २००५ सालीं निराळी काढलेली डिकेया ही इंडोल तयार करिते व एरिथ्रोमायसीनपुढें टिकत नाहीं.

आम्हांस सर्वांत बोलकी वाटते ती साखरेची कसोटी. साखर व रंगद्रव्य घातलेल्या दोन हिरव्या नळ्यांत जंतु पेरून एकीवर पॅराफिन तेलाचा थर देतात. स्यूडोमोनास उघडीच नळी पिवळी करितो. पेक्टोबॅक्टेरियम दोन्ही पिवळ्या करितो, कारण हवेवांचूनही तो साखर आंबवितो. ओल्या कंदांच्या ढिगाच्या पोटांत हवा खेळत नाहीं, तेथें त्याचें फावतें तें याचमुळें. कंद सुकवून, जखमी वेगळे काढून, वाऱ्यावर पातळ थरांत ठेवणें हा त्यावर उपाय.

राल्स्टोनिया मात्र निराळा व अधिक भयाचा. तो जमिनींत राहतो व उभें झाड सुकवितो. अशा झाडाचें खोड कापून स्वच्छ पाण्याच्या पेल्यांत टांगावें. थोड्याच मिनिटांत दुधासारखे धागे खालीं उतरल्यास त्याचा बळकट संशय धरावा. त्या शेतांतील बेणें ठेवूं नये, व तेथें लगेच वांगीं, टोमॅटो किंवा मिरची लावूं नये.

प्रयोगशाळेकडे नमुना पाठवितांना पूर्ण सडलेला कंद निरुपयोगी. त्यांत मागाहून आलेल्या जंतूंचीच गर्दी असते. सड नुकतीच लागलेला कंद कोरड्या कागदांत गुंडाळून त्याच दिवशीं रवाना करावा.