सही माझी, करवत दुसऱ्याची

ज्या झाडाला मी करवत लावलीच नाही, त्याच्या कत्तलीचं बिल माझ्या नावावर फाडलं गेलं. कोथरूडच्या त्या सोसायटीत अजूनही ‘त्या झाडवाल्यानेच सांगितलं होतं’ असं बोललं जातं, म्हणून हे लिहितो आहे. शिवाय पावसाळा तोंडावर आला की सगळ्याच सोसायट्यांच्या मीटिंगमध्ये झाडांचा विषय निघतो. निदान तुमच्याकडे तरी असं घडू नये.

गेटजवळचा जुना रेन ट्री. दोन फांद्या वाळलेल्या, एक पार्किंगवर लांबलेली. वळवाच्या पावसात ती गाड्यांवर येईल, ही चेअरमनसाहेबांची भीती रास्त होती. मी बुंधा चहूबाजूंनी ठोकून पाहिला, दोरावर चढून फांद्यांचे सांधे तपासले आणि लेखी अहवाल दिला. वाळलेल्या फांद्या काढा, लांबलेल्या फांदीचं टोकाकडचं ओझं कमी करा, बाकी विस्ताराला हात लावू नका. त्याआधी बुंध्याला घासून बसवलेले पेव्हर ब्लॉक उखडा, मुळांना पाणी आणि हवा मिळू द्या. कामाचा खर्चही त्यातच लिहिला होता. त्यानंतर ना फोन, ना मेसेजला उत्तर.

मग एक दिवस उद्यान विभागातून फोन आला. “तुमच्या अहवालावर छाटणीची परवानगी दिली होती. झाडाचं हे काय करून ठेवलंत?” मला क्षणभर कळेचना. धावत गेलो.

झाडाला विस्तार उरलाच नव्हता. मांडीएवढे जाड खुंट तेवढे आकाशाकडे तोंड करून उभे होते. पार्किंगवरची फांदी खालून छेद न घेता थेट वरून कापलेली. मोडताना ती सालीचा लांब पट्टा ओरबाडत छातीच्या उंचीपर्यंत खाली आली होती. उघडं पडलेलं लाकूड अजून ओलसर होतं आणि जखमेच्या कडेची साल बोटाने ढकलली तरी हलत होती. प्रत्येक कापावर डांबर फासलेलं. पेव्हर ब्लॉक मात्र जिथल्या तिथे. वॉचमनने सांगितलं तेव्हा सगळा उलगडा झाला. परवानगीच्या अर्जाला माझा अहवाल जोडला आणि काम ‘लाकूड तुझं, मजुरी नाही’ या बोलीवर भलत्यालाच दिलं. ज्याची मजुरी लाकडातून सुटते, तो वाळक्या काटक्या कशाला काढत बसेल? त्याची नजर जाड फांद्यांवरच असणार.

चेअरमनसाहेब म्हणाले, “अहो, फांद्या कमी करा असं तुम्हीच लिहिलंय ना? थोड्या जास्त गेल्या, एवढंच. झाड आहे, फुटेल परत.”

फुटतं ना, धोका तिथेच आहे. पाला गेला की झाडाचं अन्न तुटतं. जगण्यासाठी ते साठवलेलं सगळं खर्चून खुंटांवर फुटव्यांचे झुबके काढतं. असा फुटवा आतल्या लाकडातून आलेला नसतो, वरवरच्या थरावर चिकटलेला असतो. तो वर्षा-दोन वर्षांत झपाट्याने वाढतो आणि खालचा खुंट तोवर कुजायला लागतो. झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. अमेरिकेच्या वन खात्यातले अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो झाडं चिरून हे दाखवून दिलं. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. ती भिंत घालायला सोपं जावं म्हणून कुठे कापायचं, हेच आमचं शास्त्र. डांबर फासून त्यातलं काहीही साधत नाही.

पुढे एका पावसाळ्यात तसाच एक फुटवा बुडापासून निसटला आणि पार्किंगमधल्या गाडीवर पडला. पुन्हा माझंच नाव निघालं. एका सभासद काकूंनी माझा अहवाल सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तर ‘जुने विषय उकरू नका’ म्हणून चर्चा बंद करण्यात आली. माफी सोडा, तपासणीच्या फीचे उरलेले पैसेही आलेले नाहीत.

आता तुमच्यासाठी. ‘लाकूड घ्या, काम फुकट करा’ हा सौदा कधीही करू नका. पूर्ण मजुरी द्या आणि लाकडाचं काय करायचं ते आधी कागदावर ठरवा. झाडाचा फोटो काढून त्यावर कापाच्या जागा खुणेने दाखवायला सांगा. एका वेळी हिरव्या पाल्याचा चौथा हिस्सा ही कमाल मर्यादा, म्हाताऱ्या झाडाला त्याहूनही कमी. जाड फांदीला पहिला छेद खालून, बुंध्यापासून हातभर लांब. दुसरा वरून, त्याच्या जरा पुढे. वजन गेल्यावर उरलेला खुंट सांध्याच्या फुगीर कड्याला धक्का न लावता बाहेरून कापायचा. हे ज्याला सांगता येत नाही, त्याला झाडावर चढू देऊ नका. जिवंत झाडावर खिळ्यांचे बूट घालून चढणाऱ्यालाही नाही. वर जाणाऱ्या मुलांचा अपघात विमा आहे का, ते आधी विचारा.

झाड आपल्या आवारात आहे म्हणून आपल्या मर्जीचं नसतं. महाराष्ट्राच्या 1975च्या नागरी वृक्ष कायद्यात झाड तोडणं म्हणजे नुसतं बुंध्यातून पाडणं नव्हे, कोणत्याही प्रकारे इजा करणंही त्यात येतं. 2021च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आहे. परवानगीत काय लिहिलंय ते शब्द न् शब्द वाचा.

झाडाकडे स्वतःही बघत चला. बुंध्याशी फळीसारखी कडक भूछत्रं आली, झाड अलीकडेच कललं किंवा कलाच्या उलट बाजूला जमीन फाटली, तर लगेच जाणकाराला बोलवा. नुसती ढोली दिसली म्हणून घाबरू नका, पोकळ खोडाची झाडं वर्षानुवर्षं उभी राहतात. छाटणीचा विचार ऐन पावसात करू नका. आणि नवीन झाडं लावा, देशी लावा, जागा बघून लावा.

या कामात येणाऱ्या मुलांनो, दोर, हेल्मेट आणि हार्नेसवर पैसे खर्च करा, एकट्याने कधी चढू नका. तपासणीची फी आगाऊ घ्या. अहवालाच्या प्रत्येक पानावर सही करा, ‘यापलीकडे कापल्यास जबाबदारी माझी नाही’ हे ठळक लिहा आणि एक प्रत स्वतः उद्यान विभागात देऊन पोच घ्या. मी आता त्याशिवाय कागद हातातून सोडत नाही.

करवत चालू असेपर्यंत सोसायटीतलं एक जबाबदार माणूस परवानगीचा कागद हातात घेऊन झाडापासून सुरक्षित अंतरावर उभं राहिलंच पाहिजे. त्या दिवशी कमिटीतलं एक जरी माणूस तिथे असतं, तर पहिल्या जाड फांदीलाच काम थांबलं असतं.