आस्कंदाचा क्षीरपाक, पायरीपायरीने

दिवसभराची घाई डोक्यातून उतरत नाही, अंथरुणाला पाठ टेकली तरी उद्याची कामं फेर धरतात. अशा दिवसांसाठी ही छोटीशी वाटी. अश्वगंधा म्हणा की आस्कंद, दुकानदाराला दोन्ही कळतं. चला, ओट्यापाशी या.

एका वेळेला लागेल ५ ग्रॅम आस्कंदाची भरड, ४० मिली गायीचं दूध, १६० मिली पाणी आणि वाटल्यास खडीसाखर. दुधाच्या चौपट पाणी बघून दचकू नका, ते सगळं आटणार आहे.

१. आधी स्वतःची चौकशी करा. गरोदर असाल किंवा बाळाला अंगावर पाजत असाल, तर ही कृती इथेच मिटा. थायरॉइडचा किंवा यकृताचा त्रास, आमवातासारखा आजार, ठरलेली शस्त्रक्रिया, किंवा झोपेच्या, मनाच्या आजाराच्या, मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या यांपैकी काहीही असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गॅस पेटवू नका. चालू गोळ्या मनाने बंद करणं तर मुळीच नको. आणि जीव नकोसा वाटण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर दूध आटवत बसू नका. सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आत्ता लावा.

२. काष्ठौषधींच्या दुकानातून १०० ग्रॅम सुकी मुळं आणा. मूळ काटकन तुटलं पाहिजे आणि आतून पांढरट दिसलं पाहिजे. वाकलं तर ओल आहे, बारीक भोकं दिसली तर कीड. दोन्ही परत करा. पानांची पूड कुणी गळ्यात मारू लागलं तर घेऊ नका, आपल्याला मूळच हवं.

३. मुळं कोरड्या फडक्याने पुसा. माती राहिली तर ती थेट दुधात उतरते.

४. खलबत्त्यात कुटून जाडसर रव्याइतकी भरड करा. मिक्सर चालेल, पण थांबत थांबत फिरवा. वस्त्रगाळ पीठ झालं की ते फडक्यातून निसटतं आणि दूध बुळबुळीत होतं.

५. भरड ५ ग्रॅम तोलून घ्या. वजनकाटा नसेल तर दुकानातूनच कुटून, पुड्या बांधून आणा. चमच्याचा अंदाज इथे फसतो.

६. लहान, जाड बुडाच्या पातेल्यात दूध आणि भरड एकत्र घाला. ४० मिली मोजायला खोकल्याच्या औषधाचं रेघा असलेलं टोपण उत्तम. मोठं पातेलं घेतलंत तर एवढंसं दूध तळाला पसरून करपेल.

७. आइस्क्रीमची धुतलेली काडी पातेल्यात उभी धरा आणि दूध जिथवर आलं तिथे सुरीने खाच पाडा. ही पायरी गाळायचा मोह होईल; गाळू नका. पुढे किती आटवायचं हे हीच काडी सांगणार आहे.

८. आता पाणी ओता.

९. गॅस अगदी बारीक करून ठेवा आणि अधूनमधून तळापासून ढवळा. खरं काम इथेच आहे. आच मोठी केली की पाणी भराभर उडतं, मुळाचा अंश पुरता उतरत नाही आणि दूध बुडाला लागतं. अर्धा तास लागू द्या. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. एक ‘हॅलो’ पुरे होतो पातेलं लागायला.

१०. काडी बुडवून बघा. दूध खाचेपर्यंत उतरलं की गॅस बंद. त्याखाली आटवलंत तर खरवड उरेल.

११. सुती फडक्यातून गाळा.

१२. चोथा कोमट झाला की पिळा. गरम असताना मूठ आवळलीत तर चटका ठरलेला.

१३. चिमूटभर खडीसाखर घाला. मध नको, कढत दुधात तर नाहीच. चव कडवट आणि मातकट लागते, आणि साखरेने ती पुरती जात नाही, हे आधीच सांगून ठेवते.

१४. रात्रीच्या जेवणानंतर तासाभराने प्या. उपाशीपोटी काहींना मळमळतं. पहिले तीन दिवस अर्धंच घ्या. पेंग येऊ शकते, म्हणून पिऊन गाडी चालवू नका, आणि दारूबरोबर तर नकोच.

१५. वहीत एक ओळ लिहा: झोप कशी, पोट कसं, चिडचिड किती. नुसत्या आठवणीवर विसंबलात तर फरक कळणार नाही.

१६. रोज ताजं करा. उरलेलं फ्रिजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी पिऊ नका.

१७. काही आठवडे धीर धरा. चार दिवसांत काही वाटलं नाही म्हणून भरड दुप्पट कराल, तर जुलाबच आधी लागतील.

१८. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा छातीत धडधड वाढली, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा. जाताना ती वही आणि मुळाचा एक तुकडा सोबत न्या.

१९. दोन महिने झाले की थांबा. कॅलेंडरवर ती तारीख पहिल्याच रात्री गोल करून ठेवलेली बरी. तोवर वहीतल्या ओळी बदलल्या नसतील, तर नवी मुळं आणू नका. डॉक्टरांची वेळ घ्या.