सोन्याविना सुवर्णनगरी : तारापूर-बोईसरचा धडा

सोने सापडल्याची वार्ता पसरली की पाहता पाहता माळावर नगर उभे राहते, हे जगाच्या इतिहासात अनेकदा घडले आहे. १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि सॅन फ्रान्सिस्को हे लहानसे बंदर दोन-तीन वर्षांत गजबजून गेले. आपल्या देशात कर्नाटकातील कोलार येथे १८८० नंतर खाणींभोवती मोठी वसाहत वसली. १९०२ मध्ये तेथे शिवसमुद्रमची वीजही पोहोचली. २००१ मध्ये या खाणी बंद झाल्या. मागे उरले सायनाइडयुक्त मातीचे डोंगर आणि रोजगारासाठी रोज बंगळूरची गाडी गाठणारी माणसे.

पालघर जिल्ह्याच्या भूमीत सोन्याची खाण नाही. तरीही सुवर्णनगरीची सारी लक्षणे ज्या गावांत दिसावीत, अशी गावे येथे आहेत. म्हणूनच तारापूर-बोईसरचा इतिहास अभ्यासण्याजोगा आहे.

वीज आली, वस्ती आली

तारापूर हे जुने बंदर. येथील पोर्तुगीज किल्ला चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला. त्यानंतर दोन शतकांहून अधिक काळ भातशेती, बागायत आणि मासेमारी यांवरच हा परिसर जगला. १९६४ मध्ये येथे अणुविद्युत केंद्राच्या उभारणीस प्रारंभ झाला. थंडाव्यासाठी समुद्राचे पाणी जवळ होते आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वीज देण्यास ही जागा सोयीची होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये देशातील हे पहिले अणुविद्युत केंद्र कार्यान्वित झाले. पाठोपाठ सत्तरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आकारास आली. रसायने, औषधे, कापड, पोलाद यांचे कारखाने उभे राहिले आणि राज्यातून व परप्रांतांतून कामगारांचा ओघ बोईसर स्थानकावर उतरू लागला. या उद्योगांनी हजारो घरांत चूल पेटवली, हे निर्विवाद आहे.

कारभार मागे राहिला

परंतु सुवर्णनगरीत माणसे आधी येतात, व्यवस्था मागाहून येते. कारखान्यांच्या भूखंडांची आखणी महामंडळाने केली. कामगार मात्र राहिला तो भोवतालच्या गावांतील चाळींत. त्याच्या पाण्याचा, गटाराचा, कचऱ्याचा आणि मुलांच्या शाळेचा भार ग्रामपंचायतींवर पडला. २०११ च्या जनगणनेत बोईसरची नोंद नगर म्हणून झाली, तेव्हाही तेथील कारभार ग्रामपंचायतीकडेच होता.

दुसरे लक्षण विस्थापनाचे. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी पोफरण व अक्करपट्टी ही गावे हलवावी लागली. हे संच २००५ व २००६ मध्ये सुरू झाले. पुनर्वसनाचा वाद मात्र उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिसरे लक्षण प्रदूषणाचे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र ९३.६९ गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. कोलारच्या मातीच्या डोंगरांचे हे दुसरे रूप होय.

शेजारचे उदाहरण

शेजारच्या डहाणू तालुक्यात क्रम वेगळा होता. १९९१ मध्ये केंद्र शासनाने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित केला, आणि १९९६ मध्ये न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमले गेले. तेथे मोठा प्रकल्प येण्यापूर्वी प्रश्न विचारला जाऊ लागला. १९९८ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवण बंदराचा प्रस्ताव अमान्य केला. २०२३ मध्ये त्याने अटींसह संमती दिली. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदरास मान्यता दिली व ऑगस्टमध्ये त्याची पायाभरणी झाली. मच्छीमार बांधवांचा विरोध या साऱ्या काळात कायम राहिला.

पंचायतींनी काय करावे

बंदर म्हणजे पुन्हा माणसांचा ओघ. चिंचणी, वाणगाव, डहाणूपासून बोईसरपर्यंतच्या गावांनी बोईसरच्या पन्नास वर्षांच्या अनुभवावरून बोध घेतला पाहिजे. गावठाण, गायरान, ओढे आणि विहिरी यांची नोंद आजच अद्ययावत करावी. भाड्याच्या चाळींना परवानगी देताना पाणी व सांडपाणी यांची सोय आधी पाहावी. जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी विचारविनिमयाचा हक्क दिला आहे. तो कागदावर राहू देऊ नये. शिक्षकांनी मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्यावा. दहा वर्षांनी तोच नकाशा गावाच्या उपयोगी पडेल.

सोने कोणाच्या दारी केव्हा येईल हे गावाच्या हाती नसते. ते येण्यापूर्वी घर आवरून ठेवणे मात्र गावाच्याच हाती असते.