डब्यावरचा रंग वाचूया

गेल्या पावसाळ्यात आर्वी तालुक्यातील आमच्या रात्रवर्गातले एक दादा पऱ्हाटीवर फवारणी करताना चक्कर येऊन पडले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कोणते औषध होते?" सोबतच्या कोणालाच सांगता येईना. डबा धुऱ्यावर राहिला होता. मी मोटारसायकलने जाऊन तो आणला. दादा वाचले, पण त्या दिवशी वर्गाचा पुढचा पाठ ठरला. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हेही आम्ही विसरलो नव्हतो.

शब्द. आपण त्याला 'औषध' म्हणतो, म्हणून भीती वाटत नाही. वर्गात आम्ही आता 'विष' म्हणतो.

रंग. प्रत्येक डब्यावर कोनावर उभा असलेला एक चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्या भागाचा रंग पाहा. लाल म्हणजे अतिशय विषारी. त्यावर कवटी व हाडांचे चित्र असते. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही हे वाचता येते. एका मावशींनी विचारले, "हिरवा असंन तं काही होत नाही ना, गुरुजी?" नाही मावशी, हिरवेही विषच, फक्त त्याचा जोर कमी.

पत्रक. डब्यासोबतचे घडीचे पत्रक फेकू नका. त्यात स्थानिक भाषेतही माहिती असावी, असा नियम आहे. चार गोष्टी शोधा: पाण्याचे प्रमाण, अंगावर काय घालायचे, विषबाधेची लक्षणे आणि उतारा. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे.

बाधा झाल्यास. मळमळ, चक्कर, खूप घाम, तोंडाला लाळ, अंधुक दिसणे, यांपैकी काहीही जाणवले की काम थांबवा. शेताबाहेर या, भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. डब्यावरचे नाव किंवा पत्रक सोबत न्या. उतारा विषाप्रमाणे बदलतो.

सरावासाठी आम्ही रिकामे डबे वापरत नाही, कागदावर चौकोन रंगवतो. घरीही रिकाम्या डब्यात पाणी भरू नये.

वाचकहो, आपल्या शेतात मजूर फवारणीला येत असतील, तर पंप हाती देण्याआधी त्यांना डबा दाखवा आणि पत्रक वाचून ऐकवा. पाच मिनिटे पुरतात.